जुन्या घड्याळाची किंमत कशी काढायची: कंडिशन, डिमांड आणि दोन्हीच्या मधला घोळ

जुनं घड्याळ हातात आलं की माणूस पहिलं काम काय करतो तर शर्टाच्या टोकाने ते घासतो, मग टूथपेस्ट, मग चेनीसाठी साबणाचं पाणी, आणि सगळं चकचकीत झालं की एक हललेला फोटो काढून विचारतो, "याचे किती येतील?" मी यावर आता एकच सांगतो, आधी घासणं बंद करा. घाण कधीही काढता येते, पण घासून गेलेला धातू आणि उडालेला रंग परत येत नाही, आणि पैसे नेमके त्याचेच असतात. मलाही ही अक्कल फुकट आलेली नाही. एका स्टीलच्या क्रोनोग्राफचं (म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचं) डायल मी हौसेने नव्याने रंगवून घेतलं होतं, केस, म्हणजे धातूची बाहेरची पेटी, बफ करून घेतली, इतकं भारी दिसत होतं की दोन दिवस मी मनगटच बघत बसलो. नंतर एका जाणकार माणसाने भिंग लावून जेमतेम दहा सेकंद बघितलं, परत माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "जुनं डायल आहे का?" कुठलं असणार, ते खरवडूनच तर नवीन रंगवलं होतं.

तर मी स्वतः आता ज्या क्रमाने घड्याळ बघतो त्याच क्रमाने लिहितोय. मागणी आधी, कंडिशन नंतर. बरेच जण उलटं करतात, आधी ओरखडे मोजत बसतात आणि मग कळतं की हे मॉडेल नवंकोरं असतं तरी कोणी विचारलं नसतं.

आधी हे घड्याळ नक्की कोणतं ते शोधा

ब्रँडच्या नावावरून किंमत निघत नाही, रेफरन्स नंबरवरून, म्हणजे कंपनीच्या मॉडेल नंबरवरून निघते. जुन्या रोलेक्समध्ये चेन काढल्यावर १२ च्या बाजूच्या दोन लगांच्या (केसचे पट्टा अडकवायचे पाय) मध्ये रेफरन्स आणि ६ च्या बाजूला सिरीयल कोरलेला असतो. जुन्या ओमेगामध्ये रेफरन्स बहुतेक मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि सिरीयल मशीनवर, म्हणजे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायचं काम घड्याळजीकडेच द्या, पक्कड लावून झाकण फिरवलेल्या खुणा मी इतक्या बघितल्यात की बोलायची सोय नाही. सेको सगळ्यात सोपं, मॉडेल नंबर आणि सिरीयल दोन्ही मागे बाहेरूनच दिसतात, सिरीयलचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. दशक मात्र आपणच मॉडेलवरून ओळखायचं, म्हणजे पहिला आकडा १ असला तर १९७१ का १९८१ हे घड्याळ लिहून देत नाही.

हे एवढं का महत्त्वाचं ते स्पीडमास्टरवरून कळेल. लांबून बघितलं तर १९६० च्या दशकातलं आणि १९७० च्या दशकातलं ओमेगा स्पीडमास्टर जवळजवळ सारखंच दिसतं. पण १९६८ पर्यंतच्यात कॅलिबर ३२१ हे मशीन आहे आणि त्यानंतर ८६१ आलं. १९६९ ला चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांकडे ३२१ वाली घड्याळं होती, त्यामुळे लोक ३२१ साठी वेडे होतात आणि जास्तीचे पैसे मोजतात, खरं तर ८६१ वेळ दाखवण्यात काही कमी नाही, उलट ते जास्त वेगाने चालतं, ताशी २१,६०० ठोके, ३२१ चे १८,०००. बेझलवरही, म्हणजे काचेभोवतीच्या कडीवरही, तीच गंमत. जुन्या बेझलवर ९० आकड्याच्या बाजूचा बारीक ठिपका आकड्याच्या डोक्यावर असतो, नंतरच्यात तो खाली बाजूला सरकला, आणि या एका ठिपक्यासाठी नुसत्या सुट्ट्या बेझलचे जे पैसे मागतात तेवढ्यात एखादं साधं चालू जुनं घड्याळ येईल. हा वेडेपणा आहे का? आहे. पण बाजारात वेडेपणाच विकला जातो, म्हणून त्याची माहिती पाहिजे.

"रेअर आहे" म्हणजे काय असतं

विकणारा प्रत्येक माणूस सांगतो की हे फार रेअर आहे. असेलही. पण रेअर असणं आणि कोणाला तरी हवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या विसरलेल्या कंपनीने एखादं मॉडेल फक्त काही शे बनवलं आणि मग ती बंद पडली, तर ते खरंच दुर्मिळ आहे, पण ते शोधणारी माणसंही तेवढीच दुर्मिळ. याच्या उलट रोलेक्सची सबमरिनर, ती काही हाताच्या बोटावर मोजण्याइतकी नाही, कायम कुठे ना कुठे विकायला असते, पण घेणारेही कायम असतात.

मला आवडणारं उदाहरण व्हॅलजू ७२ या मशीनचं. हाताने चावी द्यायचं क्रोनोग्राफ मशीन, कॉलम व्हीलवालं (स्टॉपवॉच चालू-बंद करणारं खास चाक), एकदम दणकट. हे ह्युअर कॅरेराच्या २४४७ मध्ये होतं, विटनॉअरच्या २४२टी मध्ये होतं, आणि थोड्या सुधारणा करून रोलेक्स डेटोनाच्या ६२३९ मध्येही होतं. पोटात एकच जात, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, कारण गिऱ्हाईक मशीनचे पैसे देत नाही, डायलवरच्या नावाचे आणि त्या नावामागच्या गोष्टीचे देतो. ज्याला चांगलं मशीन स्वस्तात हवंय त्याने हे वाक्य उलटं वाचावं, माझी दोन चांगली खरेदी अशीच झालीय.

डेटोनाचीच पुढची गोष्ट. त्या मॉडेलमध्ये एक वेगळ्या धाटणीचं डायल यायचं, छोट्या गोलांत चौकोनी टोकांच्या खुणा वगैरे. त्या काळात ते फारसं कोणाला आवडायचं नाही, दुकानात पडून राहायचं. नंतर कलेक्टर लोकांच्या लक्षात आलं की अभिनेता पॉल न्यूमन तेच घालायचा आणि त्या डायलला त्याचंच नाव चिकटलं. त्याचं स्वतःचं ६२३९, ज्याच्या मागे बायकोने गाडी जपून चालव असं कोरून घेतलं होतं, ते ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. म्हणजे जे डायल आधी खपत नव्हतं तेच नंतर सगळ्यात महाग झालं, आणि त्याचं कारणही हेच की खपत नव्हतं म्हणून कमी बनलं. पण नुसतं कमी बनून काही झालं नसतं, त्याला एक चेहरा मिळाला तेव्हा भाव आला.

धातूचंही असंच उलटं असतं कधी कधी. पटेक फिलिपचं १५१८ हे मॉडेल १९४१ मध्ये आलं, पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप धरणारं) आणि क्रोनोग्राफ एकत्र, एकूण तीनशेच्याही आत बनली, बहुतेक सोन्यात. स्टीलची माहीत असलेली फक्त चार. त्यातलं एक २०१६ मध्ये जिनिव्हाला १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं, सोन्याची बहुतेक त्याच्या जवळपासही जात नाहीत. पण म्हणून घरातलं साधं स्टीलचं घड्याळ सोन्याच्या घड्याळापेक्षा महाग होत नाही हं, तिथे सोनं वितळवूनही काहीतरी येतं, स्टीलचं काय येणार.

डिमांड कशाने हलते हे ओळखायला शिका. साइज सगळ्यात मोठी गोष्ट. १९४०-५० च्या दशकातली पुरुषांची घड्याळं बहुतेक ३२ ते ३६ मिलिमीटरची, २००० नंतर सगळ्यांना ताटाएवढी घड्याळं हवी होती तेव्हा ही छोटी घड्याळं पडून होती, आता परत ३५-३६ ला मागणी आली. बायकांची जुनी छोटी मेकॅनिकल घड्याळं अजूनही बरीच स्वस्त मिळतात, आतलं काम बघितलं तर अन्याय वाटतो. मग कंपनीने जुन्या मॉडेलवरून नवीन काढलं की लोक मूळचं शोधायला लागतात, ट्यूडरने (रोलेक्सच्याच घरातली कंपनी) २०१२ मध्ये ब्लॅक बे काढलं तेव्हा त्यांच्या जुन्या सबमरिनरकडे बऱ्याच नवीन लोकांचं लक्ष गेलं. युनिव्हर्सल जनीव्ह ही झोपलेली कंपनी २०२३ च्या शेवटी ब्राइटलिंगवाल्यांनी घेतली आणि त्यांच्या पोलराउटर मॉडेलची चर्चा परत जोरात सुरू झाली, तसं ते डिझाइन प्रसिद्ध डिझायनर जेराल्ड जेंटाचं, १९५४ चं, म्हणजे ते चांगलं होतंच पण लोकांना उशिरा दिसलं. आणि मागणी उतरतेही. २०२२ च्या सुरुवातीला सेकंडहँड घड्याळांचे भाव आभाळाला टेकले होते आणि त्याच वर्षी घसरायला लागले, त्यामुळे जुनी कात्रणं किंवा तेव्हाचे आकडे घेऊन आज भांडू नका.

डायल: निम्मी किंमत इथेच

आता कंडिशन. मला कोणी विचारलं की एकच गोष्ट बघायची तर काय बघू, तर डायल. केसवरचे ओरखडे चालतात, मशीन दुरुस्त होतं, डायल एकदा गेलं की गेलं.

पहिला प्रश्न, हे रंगवलेलं आहे का, म्हणजे रीडायल. दहा पटीचं भिंग आणि खिडकीचा उजेड घ्या. मूळ छपाईची अक्षरं कडेला धारदार असतात, शाई थोडी उठावदार दिसते. रंगवलेल्यात अक्षरं पसरलेली, जाडबारीक, ब्रँडचं नाव किंचित वाकडं. मिनिटांच्या रेघा बघा, तासाच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का नाही. छोट्या गोलांच्या कडा बघा, रंग त्यांच्यात वाहून गेलाय का. खाली ६ च्या तिथे स्विस मेड वगैरे असतं ते गायब आहे का किंवा काचेच्या कडेखाली अर्धं कापलं गेलंय का. कधी कधी डायलच्या कडेला बारीक खाच असते, ती रंगवणाऱ्याने पकडायला केलेली खूण असू शकते. आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे त्याच रेफरन्सचे दहा-बारा फोटो शेजारी उघडून ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा, एखाद्या अक्षराचे पाय लांब आहेत का आखूड एवढ्या थराला जाऊन. कंटाळवाणं आहे पण याच कंटाळ्याचे पैसे मिळतात.

दुसरं, अंधारात चमकणारा रंग, ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो. खरं रेडियम १९६० च्या दशकापर्यंत वापरायचे, नंतर ट्रिशियम आलं ते साधारण १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत, मग ल्युमिनोव्हा, ज्यात किरणोत्सर्ग नाही. ट्रिशियमचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास, म्हणजे १९७० च्या घड्याळातलं आज जवळजवळ विझलेलंच असणार. म्हणून १९६५ चं घड्याळ टॉर्च मारल्यावर रात्रभर लखलखत असेल तर आनंद मानू नका, नवीन रंग भरलाय किंवा डायलच बदललंय. यूव्ही टॉर्च घ्या, काट्यांवरचा आणि डायलवरचा रंग सारखाच वागतो का ते बघा, एक पिवळट आणि मेलेला, दुसरा ताजा हिरवा असेल तर काटे किंवा डायल यातलं एक नंतर आलंय. डायलच्या तळाशी टी अक्षर असेल तर ट्रिशियम, आणि १९५० च्या घड्याळावर ते असेल तर डायल नंतरचं. खऱ्या रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं, चमक गेली तरी किरण गेलेले नाहीत, त्यामुळे जुन्या डायलवरची ती पूड घरी बसून खरवडू नका, हे मस्करीत घेऊ नका.

तिसरं, पॅटिना (वयाने आलेली छटा) का खराबी. इथे बाजार जरा गंमतीशीर आहे. काळं डायल उन्हाने आणि वर्षांनी एकसारखं चॉकलेटी झालं तर त्याला ट्रॉपिकल म्हणतात आणि जास्त पैसे देतात. तेच पाणी शिरून एका कोपऱ्यात डाग पडला, रंगाचे पोपडे आले, तर पैसे कमी. दोन्ही म्हातारपणच, पण एक सुंदर म्हातारपण. माझी चाचणी अशी की हातभर लांबून बघितल्यावर डायल एकसंध वाटतं का. वाटलं तर पॅटिना, डोळा त्या डागावरच जाऊन अडकला तर खराबी, मग विकणारा त्याला काहीही फॅन्सी नाव देवो. "ट्रॉपिकल" हा शब्द आजकाल भिजलेल्या प्रत्येक डायलला लावतात.

केस, लग आणि पॉलिशचा शाप

नवख्या माणसाला चकचकीत केस आवडते, जुन्या माणसाला जाड केस आवडते. बफिंगच्या चाकावर दर वेळेला थोडा धातू जातो, कडा गोल होतात, लगांच्या कडेला मूळची जी तिरकी पट्टी कापलेली असते ती नाहीशी होते, ब्रश केलेला भाग आणि पॉलिश केलेला भाग यांच्यामधली रेघ पुसट होते. चारही लग वरून बघा, एकसारखे जाड आहेत का, का एक साबणाच्या वडीसारखा झिजलाय. पट्ट्याच्या पिनांची आरपार भोकं असतील तर ती कडेच्या किती जवळ आलीत ते बघा. मागचं कोरीवकाम आणि नंबर पुसट झालेत का. कॅलिपरने लगांची जाडी मोजून दुसऱ्या चांगल्या नमुन्याशी ताडता आली तर उत्तमच.

ओरखडे प्रामाणिक असतात, असं मी म्हणतो. दणदणीत खड्डा पडला असेल किंवा चावीच्या बाजूला गंजाने केस खाल्ली असेल तर ती वेगळी गोष्ट.

मुलाम्याच्या घड्याळात बघायचं ते लगांची टोकं आणि मागच्या कडा, तिथे पिवळ्याखालून पितळ किंवा पांढरा धातू दिसायला लागला की किंमत पटकन पडते आणि परत मुलामा चढवून ती वर येत नाही. मागे १० किंवा २० मायक्रॉन लिहिलेलं असतं, तो मुलाम्याचा जाडपणा. भरीव सोन्यावर हॉलमार्क असतात आणि तेसुद्धा पॉलिशमध्ये पुसले जातात, ते ठसठशीत दिसले तर केस फार घासलेली नाही असं समजायला हरकत नाही.

काचेचं मात्र टेन्शन घेऊ नका. जुनी काच बहुतेक ॲक्रिलिकची असते, ओरखडे पॉलिशने निघतात, हे एक काम टूथपेस्टने खरंच होतं. फक्त स्पीडमास्टरसारख्या काचेत मधोमध कंपनीची बारीक खूण असते, ती असलेली काच फेकून साधी बसवू नका.

मशीन

चालतंय म्हणजे चांगलं आहे असं नाही आणि बंद आहे म्हणजे मेलंय असंही नाही. चावी देऊन बघा, तारीख बदलून बघा, काटे फिरवताना अडकतात का, क्रोनोग्राफ असेल तर चालू, बंद, आणि रीसेटला काटा बरोबर शून्यावर येतो का. मग टाइमग्राफरवर (ठोके ऐकून मशीनची तब्येत सांगणारं यंत्र) लावून घ्या, कोणत्याही बऱ्या घड्याळजीकडे असतं. पूर्ण चावी दिल्यावर अँप्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचा झोका, २७० ते ३०० अंशांच्या आसपास असेल तर मशीन तंदुरुस्त, जुन्यात २४० पण मी चालवून घेतो, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च मनात धराच. फक्त यंत्रात त्या मशीनचा लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला एक कोन) बरोबर टाकलाय ना ते विचारा, नाहीतर आकडा खोटा येतो. दिवसाला काही सेकंद पुढेमागे होणं हे जुन्या घड्याळात दुखणं नाही.

उघडलं की गंज बघा, विशेषतः चावीच्या दांड्याजवळ, पाणी तिथूनच शिरतं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी हौशी माणूस आत जाऊन आलाय. आणि महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग मिळतात का. खूप बनलेल्या मशीनचे मिळतात, एखाद्या छोट्या कंपनीच्या स्वतःच्या मशीनचे नाही, आणि जिथे भाग मिळत नाहीत तिथे खराब मशीनची शिक्षा दुप्पट. जुन्या क्वार्ट्झचं तर हेच मोठं दुखणं. सेकोचं पहिलं क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन २५ डिसेंबर १९६९ ला आलं, इतिहासात त्याचं स्थान मोठं आहे, पण अशा सुरुवातीच्या क्वार्ट्झचं सर्किट गेलं किंवा बॅटरी गळून आतलं सगळं खाऊन गेली तर दुरुस्त करणारा माणूस शोधतानाच दमायला होतं.

एक झटपट सूचना, झाकणावर वॉटरप्रूफ काहीही लिहिलेलं असो, जुनं घड्याळ पाण्यात नेऊ नका.

सगळे भाग एकाच घड्याळाचे आहेत का

चार मेलेल्या घड्याळांचं एक जिवंत केलेलं असतं त्याला फ्रँकनवॉच म्हणतात. भाग सगळे खरे, कंपनीचेच, पण जन्माने एकत्र नाहीत. हे ओळखणं खरंच कठीण आहे आणि फक्त आपणच फसतो असं नाही. २०२१ मध्ये ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ हे पहिल्या पिढीचं, चॉकलेटी ट्रॉपिकल डायलचं घड्याळ जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, विक्रम झाला, आणि २०२३ मध्ये खुद्द ओमेगाकडूनच सांगण्यात आलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं. ते ओमेगानेच आपल्या म्युझियमसाठी घेतलेलं होतं! मग तुम्ही-आम्ही दुप्पट सावध राहायला नको का.

करायचं काय, तर सगळ्या भागांचं वय जुळवा. केसच्या सिरीयलचं वर्ष, मशीनच्या नंबरचं वर्ष, डायलची पद्धत, काट्यांचा आकार, चावीवरचं चिन्ह, चेनीच्या क्लास्पवरचा कोड. एकदोन वर्षांचा फरक चालतो कारण कारखान्यात भाग पडून असायचे, दहा वर्षांचा चालत नाही. सर्व्हिसमध्ये कंपनीने स्वतःच बसवलेलं नवीन डायल किंवा काटे हे खोटे नसतात, पण मूळही नसतात, आणि कलेक्टर त्यासाठी पैसे कापतो. वापरणाऱ्याला फरक पडत नाही, म्हणून घालायलाच घेणार असाल तर अशी घड्याळं स्वस्तात पडतात, मी आनंदाने घेतो.

सेकोच्या बाबतीत वेगळाच त्रास, त्यांच्या जुन्या ६१३९ सारख्या लोकप्रिय क्रोनोग्राफसाठी बाहेर बनवलेली नवीन डायलं भरपूर मिळतात. पिवळ्या डायलचं ६१३९ अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ च्या अमेरिकेच्या स्कायलॅब मोहिमेत अंतराळात नेलं होतं म्हणून त्याला मागणी, आणि मागणी आली की नकली डायल आलंच. डायलच्या तळाशी बारीक कोड असतो तो मागच्या मॉडेल नंबरशी ताडा, आणि जुन्या घड्याळात टकाटक कोरं पिवळं दिसलं की शंका घ्या.

डबा, कागद, कहाणी

मूळ डबा, वॉरंटी कार्ड, बिल, जुन्या सर्व्हिसिंगच्या पावत्या, असेल ते सगळं एकत्र ठेवा. कागदावरचा सिरीयल घड्याळाशी जुळला पाहिजे, नाहीतर तो कोणाचा तरी दुसऱ्याचा कागद आहे. नुसता रिकामा डबा नंतर विकत आणता येतो, त्यामुळे त्याने भुलू नका. आणि "हे एका मोठ्या माणसाचं होतं" या वाक्याला पुरावा नसेल तर किंमत शून्य. हातात घातलेला फोटो, तारीख असलेलं पत्र, कोरलेलं नाव, असं काही असेल तर बोलू.

आता आकडा काढू

मागितलेली किंमत म्हणजे विकलेली किंमत नव्हे. सहा महिने त्याच भावाला लटकलेली जाहिरात तुम्हाला एवढंच सांगते की या भावाला घड्याळ जात नाही. खरोखर विकले गेलेले आठ-दहा व्यवहार शोधा, त्याच रेफरन्सचे, शक्यतो गेल्या वर्षभरातले. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला काढा, उरलेल्यांचे फोटो मोठे करून बघा आणि आपलं घड्याळ प्रामाणिकपणे त्या रांगेत कुठे बसतं ते ठरवा. प्रामाणिकपणे म्हणतोय कारण स्वतःचं घड्याळ प्रत्येकाला वरून दुसऱ्या नंबरचंच वाटतं.

लिलावाच्या आकड्यात एक गोम आहे, छापून येतो तो आकडा बहुतेक घेणाऱ्याचं कमिशन धरून असतो. समजा हातोडा १०० वर पडला, म्हणजे शेवटची बोली १०० ची, घेणाऱ्याने १२५ दिले आणि तेच छापलं, पण विकणाऱ्याकडूनही कमिशन कापलं तर त्याच्या हातात ९० आले. दुकानदाराला विकलंत तर अजून कमी, कारण तो सर्व्हिसिंग करणार, गॅरंटी देणार, महिनोन्‌महिने पैसे अडकवणार, त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. आणि विम्यासाठी काढलेली किंमत ही परत तसंच घड्याळ दुकानातून घ्यायला लागणारी किंमत असते, ती दाखवून विकायला जाऊ नका.

मग कंडिशनची कापाकापी. माझा स्वतःचा ढोबळ हिशोब असा, हा काही नियम नाही, की नीट, मूळ, चालू घड्याळाला १०० धरलं तर रंगवलेलं डायल असेल तर मी निम्म्यापासूनच सुरुवात करतो, जोरदार पॉलिश झालेली केस असेल तर २० ते ३० कमी, काटे किंवा चावी बदललेली असेल तर १०-१५, आणि सर्व्हिसिंग लागणार असेल तर त्याचा खरा खर्च जसाच्या तसा वजा. हो, आणि नुकतंच सर्व्हिसिंग केलं असेल तर तो सगळा खर्च किमतीत जोडून मिळत नाही, फक्त घड्याळ लवकर विकलं जातं.

पण ही कापाकापी सगळ्या घड्याळांना सारखी लागत नाही आणि इथेच मागणी आणि कंडिशन एकमेकांत अडकतात. जे मॉडेल भरपूर आहे तिथे गिऱ्हाईकाला निवड आहे, पुढचं घड्याळ अजून चांगलं मिळेल हे त्याला माहितीय, त्यामुळे थोड्या खराबीलाही तो जबर कापतो, आणि त्याच मॉडेलचं एकही ओरखडा नसलेलं, कधी न वापरलेलं निघालं तर त्याला तो आश्चर्य वाटावं एवढे जास्त पैसे देतो. जे मॉडेल दुर्मिळ आहे आणि लोकांना हवंही आहे, तिथे पुढचं कधी समोर येईल माहीत नाही, म्हणून डाग, झीज, सगळं माफ होतं. फक्त खोटेपणा माफ होत नाही, दुर्मिळ मॉडेलचं रंगवलेलं डायल तिथेही मारच खातं. आणि दुर्मिळ पण कोणालाच नको अशा घड्याळाला आकडाच नसतो, तिथे वाट बघायची, योग्य वेडा भेटेपर्यंत. मला एकदा तीन वर्षं लागली.

विकायच्या आधी

पॉलिश नाही, डायल पुसणं नाही, चांगलं दिसावं म्हणून चावी बदलणं नाही. पट्टा कुजला असेल तर बदला पण मूळ बकल जपून ठेवा, कंपनीचं नाव असलेल्या बकलला स्वतंत्र गिऱ्हाईक आहे, चेनीला तर आहेच, आणि चेन ढिली पडून लोंबत असेल तर तेही फोटोत दाखवा. फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर नाही, डायल सरळ समोरून, चारही लग, दोन्ही बाजू, झाकण आतून-बाहेरून, मशीन. दोष स्वतःहून सांगा, जाणकार माणसाला ते दिसणारच आहेत आणि लपवलेलं सापडलं की तो बाकीच्या चांगल्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही, थेट पाठ फिरवतो.

सर्व्हिसिंगला द्यायचंच असेल तर देताना चिठ्ठीवर लिहून घ्या, केस पॉलिश करायची नाही, डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, आणि जो भाग बदलाल तो जुना परत द्यायचा. तोंडी सांगितलेलं विसरतात. माझ्याकडे एका डब्यात अशा छोट्या पुड्या आहेत, प्रत्येकीवर घड्याळाचा रेफरन्स आणि तारीख, आत कधी झिजलेली चावी, कधी गंजलेले काटे. मागच्या वेळी एक घड्याळ विकलं तेव्हा घेणाऱ्याने त्यातले जुने काटे बघितले आणि नवीन काट्यांपायी माझ्या किमतीतून जे कापणार होता ते न बोलता परत जोडलं.